जातंय म्हणजे गेलेलं नाही

गाडीच्या पुढच्या उजव्या चाकातून घूं घूं आवाज यायला लागला, तेव्हा ताईने आधी रेडिओ मोठा केला. आवाज रेडिओच्याही वर चढला, तेव्हा ती गॅरेजात गेली.

ताईचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने नुसतं ‘अंग मोडून आलंय’ म्हटलं तरी ती त्याला डॉक्टरकडे पिटाळायची, पण गाडीचं दुखणं मात्र तिने अंगावर काढलं होतं. रविवारी दादाकडे जेवायला जायचं होतं. वाट पाच-सहा तासांची होती, आणि दादाशी ती गेली चार वर्षं बोलत नव्हती.

झालं होतं एवढंच, की धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात ताईची गाडी हॉलच्या फाटकाला घासली. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, “हिच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!” माणसं हसली. ताई हसली नाही. नंतर कित्येकदा मध्यस्थ आले आणि चहा पिऊन परत गेले. आता दादाची पंचाहत्तरी होती. त्याने धाकटीच्या फोनवर निरोप ठेवला होता, “दोघी या.” एवढाच.

गॅरेजवाल्याला सगळे मौनी म्हणत, कारण तो शब्द जपून वापरायचा. त्याने जॅक लावून चाक उचललं, वरखाली हलवलं, मग गरकन फिरवून कान दिला.

“बेअरिंग गेलंय.”

“गेलंय म्हणजे?” ताईने विचारलं.

“म्हणजे जातंय.”

“मग अजून गेलेलं नाही!”

मौनीने हात पुसले. “जवळपास फिरा. लांब मी नाही नेणार.”

“आणि समजा नेली तर?”

“पोचालही.” त्याने जॅक उतरवला. “किंवा मध्येच बसाल.”

नवीन बेअरिंग मागवावं लागणार होतं, ते सोमवारी येणार होतं.

धाकटी वरच्या मजल्यावर राहायची. डोळ्यांच्या हॉस्पिटलात नर्स होती आणि ताईला चिडवणं ही तिची दुसरी नोकरी होती. संध्याकाळी ती खाली येऊन खुर्चीत पाय घेऊन बसली.

“बसने जाऊ या की.”

“बसने गेले तर म्हणेल, सोडली वाटतं गाडी.”

“मग गाडीने जाऊ.”

“आणि वाटेत बंद पडली तर? त्याला फोन करून बोलवायचं? त्यापेक्षा मी रस्त्यातच घर बांधून राहीन.”

“मग नको जाऊ या.”

“म्हणजे मी रुसून बसले असं होईल.”

“ताई, तुला पोचायचंय की नाही, हे आधी ठरव. बेअरिंगचं बेअरिंग बघून घेईल.”

ताईने उठून उगाचच टेबल पुसलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने धाकटीच्या हातातला फोन घेतला आणि दादाला लावला.

“गाडीचं बेअरिंग जातंय. रविवारचं जमणार नाही,” तिने एका दमात सांगून टाकलं.

दादाचा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपांत गेला होता. यंत्राचं काही निघालं की त्याला मानापमान सुचत नसे.

“आवाज कसा येतो?”

“घूं घूं.”

“घूं घूं की घर्र घर्र?”

“घूं घूं. डावीकडे वळले की वाढतो.”

“म्हणजे उजवं गेलं. निघू नकोस.”

“मी निघणारच होते!” ताई उसळून म्हणाली. धाकटीने तोंडावर उशी दाबली.

मग बराच वेळ दोघं बोलली. ग्रीस, टायर, रस्त्यातले खड्डे, सगळं निघालं. एकमेकांची तब्येत कुणी विचारली नाही. शेवटी दादा गाडीचं मॉडेल लिहून घेत म्हणाला, “इथे मिळतं. घेऊन येतो.”

“अरे, जेवण तुझ्याकडे आहे!”

फोन केव्हाच ठेवला होता.

शनिवारी दुपारी दादा बसमधून उतरला. शर्ट चुरगळला होता, आणि छातीशी धरलेला खोका जणू काचेचा होता. तिघंही थेट गॅरेजात गेली. वाटेत दादा मौनीसाठी भाषण जुळवत होता. मौनीने खोका उघडला, तेलकट कागद सोडवला, बेअरिंग हातात फिरवलं.

“हे मागच्या चाकाचं आहे.”

दादाचा चेहरा पडला. “मी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं होतं...” तो म्हणाला, आणि खोक्यावरचा नंबर पुन्हा पुन्हा वाचू लागला. आयुष्यभर पंप सांभाळलेला माणूस सकाळपासून बसमध्ये हाडं खिळखिळी करून चुकीचा भाग घेऊन आला होता.

धाकटी ताईकडे बघत राहिली. एवढी आयती संधी चार वर्षांत आली नव्हती, आणि ताईकडे उत्तरं तयार होती. अंघोळ करताना, दुकान बंद करताना तिने ती कितीदा मनात घोळवली होती.

ताईने बेअरिंग कागदात नीट गुंडाळलं. “मागचंही कधीतरी जाईलच. असू दे घरात,” ती म्हणाली. “चल, भूक लागली असेल.”

घरी आल्यावर तिने वहिनीला फोन लावला. वहिनीने जेवण पुढच्या रविवारवर ढकलून पाहुण्यांना कधीच कळवलं होतं. “हे परत येणार नाहीत लवकर, मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

जेवताना दादा भाताचे ढीग इकडून तिकडे करत होता.

“त्या दिवशी मी जे बोललो...”

“कधी?”

“विसरलीस?”

“शब्द न् शब्द पाठ आहे.”

“चुकलंच माझं.”

“काय म्हणालास?”

“चुकलं म्हणालो.”

“धाकटे, तू ऐकलंस?”

“नाही ग. मी पाणी पीत होते.”

“चुकलं, चुकलं, चुकलं!” दादा ओरडला, आणि मग तिघंही इतकी हसली की धाकटीला खरंच ठसका लागला.

सोमवारी बेअरिंग आलं. मंगळवारी सकाळी ताई दादाला सोडायला आणि आठवडाभर राहायला निघाली. धाकटी रजा टाकून मागे बसली. दादा पुढे, पट्टा आवळून. गावाबाहेर पडेपर्यंत तो प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. मोठा रस्ता लागला आणि त्याची मान कलंडली. तोंड उघडं ठेवून तो घोरायला लागला.

त्याच्या चेहऱ्यावर ऊन येत होतं. ताईने एका हाताने त्याच्या बाजूचा उन्हाची झडप खाली ओढली आणि वेग थोडा कमी केला.