मला प्लास्टिकात कोंबले, विचारले कुणाला?

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे आणि माझे डोके भयंकर तापले आहे. जाड, चकचकीत कागदावर एका रॉक बँडच्या गिटारवाल्याचा फोटो छापून मला तयार केले. मागे त्याची माहिती आणि माझा नंबर, सात. कार्डे जमवणाऱ्यांच्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरायचे, एवढेच आमचे काम. बारा वर्षे मी ते केले. गोंदियाजवळच्या बिरसीला विमान चालवायला शिकायला आलेल्या एका भाडेकरूने खोली सोडताना घरमालकाच्या मुलीला, रुचीला, मला दिले.

रुची नववीत आहे. शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. तिला माझ्याच बँडची ड्रम वाजवणारी बाई हवी होती, कार्ड नंबर चार. ती गोंदियाच्या टीनाकडे होती, आणि टीनाला मी हवा होतो. रविवारी अदलाबदल ठरली. रुचीचे पाय चार दिवस जमिनीवर नव्हते.

शनिवारी तिच्या बाबूजींना, ईश्वरदासांना, मी वहीत सापडलो. या घरात जे जपायचे ते लॅमिनेट करायचे. आधार, गुणपत्रिका, देवाचा फोटोसुद्धा! बाबूजींनी मला तडक झेरॉक्सच्या दुकानात नेले. त्या तापलेल्या यंत्रातून मी श्वास कोंडून बाहेर आलो.

"घे रुची, आता पाण्यात पडला तरी काही होत नाही," बाबूजी खुशीत म्हणाले.

रविवारी टीनाने मला उलटसुलट पाहिले. "अरे यार, ये तो गया! प्लास्टिकवाला कोण घेते?" नंबर चार परत तिच्या पाकिटात गेला.

घरी येताच रुचीने ब्लेडने प्लास्टिक सोलायला घेतले. त्यासोबत गिटारवाल्याचा चेहराच निघून आला. माझ्यावर नुसता पांढरा कागद उरला.

"काऊन सोलून राहिली व?" बाबूजी ओरडले. "मी तं जपून राहावं म्हणून केलो!"

"माही वस्तू होती, बाबूजी! मले विचारलं काऊन नाही?"

"कागदाच्या तुकड्यासाठी तुले विचारू?"

मित्रांनो, ऐकलेत? माझा राग ब्लेडवर नाही, यंत्रावरही नाही. वस्तू जरूर जपा, पण ज्याची आहे त्याला आधी विचारा. एवढे विचारायला असा किती वेळ लागतो?

रुची माझ्याकडे बघत रडत बसली आहे. बाबूजींना तिचे रडणे बघवेना. तिला एका शब्दाने न विचारता ते फेविकॉल आणायला गेले आहेत.