पिळायच्या मशीनमधलं रडणं

हॉस्पिटलच्या धुलाईघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. चादरींचे ढीग भिजत तसेच पडले होते आणि नर्सबाया, वॉर्डबॉय, झाडूवाल्या मावश्या, सगळे तिसऱ्या मशीनभोवती कोंडाळं करून उभे होते. कपडे पिळायचं ते थोराड मशीन सुरू झालं की आतून लांबलचक हुंदका यायचा, थेट माणसासारखा.

"ऐका," यंत्रांत अडकलेले आत्मे शांत करणारे यंत्रमहाराज डोळे मिटून म्हणाले. "आत्मा व्हायब्रेशनवर आलाय. त्याला थ्री फेज सोसत नाही."

काही महिन्यांपूर्वी याच मशीनचा दांडा तुटला होता आणि तिथला मेकॅनिक जागच्या जागी गेला होता. त्याची आई आता मशीनसमोर उभी होती.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

मशीन कण्हलं. महाराजांनी लगेच अर्थ लावला, "म्हणतोय, आई, तू आधी जेव." मग त्यांनी झोळीतून छोटी बुधली काढली, काहीतरी पुटपुटत मंतरलेल्या तेलाची धार मशीनच्या फटीत सोडली. हळूहळू रडणं थांबलं.

"निजला," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले. मॅनेजर सगळ्यांत खूश होता. मशीन बंद न ठेवता काम भागत होतं.

दाराशी उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या धाकट्या बहिणीला हे पाहवत नव्हतं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. महाराजांची भोंदूगिरी तिला पहिल्याच दिवशी कळली होती. ते तेल कशाला ओततात, हेही. पण आई आठवडाभर याच एका भेटीची वाट बघत जगत होती, धुतलेली साडी नेसत होती, दोन घास खात होती. ते कुठल्या तोंडानं हिरावून घ्यायचं? म्हणून धाकटी गप्प बसली.

मग एक दिवस चौथं मशीन धावता धावता अडकलं आणि तिथल्या एका मावशीचा हात मनगटापासून चिरडला. महाराजांनी निदान केलं, "आत्मा चवताळलाय. एकटा पडलाय, त्याला सोबत हवीय." दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर धाकटीच्या कानावर आलं, "मेकॅनिकनंच ओढलं म्हणे तिला."

चालू मशीनजवळ कुणी फिरकलं तरी दादा ओरडायचा. त्याच्या नावावर आता हे.

ती तडक धुलाईघराच्या सुपरवायझरबाईंकडे गेली. "बाई, दुरुस्त्यांचं सगळं रेकॉर्ड द्या मला. दादा होता तेव्हाचंही."

प्रत्येक मशीनला ते किती तास चाललं हे दाखवणारा मीटर होता आणि दर दुरुस्तीला त्याचा आकडा टिपून ठेवायची पद्धत होती. धाकटीनं स्प्रेडशीट उघडली. प्रत्येक बिघाडाला एक ओळ: मशीन कुठलं, तारीख काय, मीटर किती. आडव्या रेषेवर तारखा टाकून तिनं आलेख काढला. दादा गेल्याच्या तारखेआधी तुरळक ठिपके, नंतर ठिपक्यांची गर्दी. महाराज बोलत होते तसंच दिसत होतं.

मग तिनं बाईंना फोन केला. "दादा गेला त्या सुमारास तिथं काय बदललं?"

"नवीन वॉर्ड उघडले की. तेव्हापासून दुप्पट पाळ्या चालतात."

म्हणजे मशीनला तारीख विचारून उपयोग नव्हता. ते किती राबलं, हे विचारायला हवं होतं. तिनं नवा रकाना घातला: बिघाडाच्या वेळचा मीटर, वजा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग शेवटचं बदललं त्या वेळचा मीटर. आडव्या रेषेवर आता तारखांऐवजी ते तास आले. विखुरलेले सगळे ठिपके एका अरुंद पट्ट्यात गोळा झाले, दोन हजार तासांच्या आसपास. दादा जिवंत असतानाचे बिघाड तिथंच, मावशीच्या हाताचा तिथंच. आणि दादा गेला तो ठिपकाही तिथंच, इतरांसारखाच एक.

त्या ठिपक्यावर बोट ठेवून ती रडली.

अजून न बिघडलेल्या मशीनांचे तासही तिनं मांडले. दुसरं मशीन पट्ट्याच्या तोंडाशी आलं होतं. पुढच्या भेटीला ती महाराजांसमोर उभी राहिली.

"महाराज, तिसऱ्यानंतर आता कुठलं मशीन रडेल?"

"चौथं. तिथं त्यानं रक्त चाखलंय. दुसऱ्याला मी दोरा बांधलाय, तिथं तो फिरकणार नाही."

"चौथ्याचं बेअरिंग अपघातानंतर बदललंय, नवंकोरं आहे, ते रडणार नाही. दुसरं रडेल, याच आठवड्यात. बाई, आवाज आला की बंद करा आणि मला बोलवा."

दोन दिवसांत दुसरं मशीन हुंदके देऊ लागलं. गर्दी पुन्हा जमली, आईही आली. चौथं मशीन निमूट फिरत होतं. धाकटीनं घरून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली होती. बंद केलेल्या मशीनच्या त्याच फटीत तिनं तेल सोडलं, तोंडातून चकार शब्द न काढता, आणि बटण दाबायला लावलं. आवाज गेला होता.

"मंत्र कुठं म्हटला मी?" ती म्हणाली. "आत बेअरिंग झिजलंय. सुकं घासतं तेव्हा कण्हतं, तेल पडलं की काही दिवस गप्प बसतं आणि आतून झिजतच राहतं. शेवटी दांडा तुटतो, नाहीतर मशीन अडकतं. दादा होता तेव्हाही ही मशीनं अशीच कण्हायची. तेव्हा कोण रडत होतं?"

महाराज म्हणाले, "इथली व्हायब्रेशनं बिघडलीत," आणि बुधली झोळीत टाकून चालते झाले. मॅनेजरनं मान खाली घातली. दादानं बेअरिंग मागितलं तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणारा तोच होता. त्या दिवशी सगळी जुनी बेअरिंगं बदलली गेली.

घरी आल्यावर आई पलंगाच्या कडेला बसली. "आता तो बोलणार नाही?"

"तो बोलतच नव्हता, आई."

आईनं नेसलेल्या धुतल्या साडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे तो भाग वेळेवर बदलला असता, तर..."

हा प्रश्न तिनं विचारू नये, असं धाकटीला सारखं वाटत आलं होतं. "हो, आई," ती म्हणाली.

आईनं पदर तोंडात कोंबला. मुलगा गेल्यावर ती पहिल्यांदाच रडत होती. इतके दिवस तिच्या लेखी तो गेलाच नव्हता. धाकटी तिला धरून बसली.

पुढच्या आठवड्यात आई आपणहून धुलाईघरात गेली. बाया कामं टाकून जवळ आल्या.

"यात माझा मुलगा नाही," ती म्हणाली. "असता, तर त्यानं आधी तुम्हाला लांब केलं असतं. आवाज आला की बटण बंद करा आणि बाजूला व्हा. कोण रडतंय म्हणून हात जोडू नका, बायांनो. काय झिजलंय, ते बघा."