शेवटच्या डब्याची जागा

दुपारी पावणेतीनला बाबांनी टेबलावरच्या नकाशावर काड्यापेट्यांची मालगाडी मांडली. सिग्नलचे नकाशे आखणारा त्यांचा धाकटा मुलगा कौतुकाने बघत होता. त्याने आखलेले सिग्नल तीनला पहिल्यांदा चालणार होते. स्टेशन छोटं, मार्ग एकेरी. मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर थांबणार, मागून येणारी पॅसेंजर मुख्य रुळावरून सरळ पुढे जाणार. त्याच पॅसेंजरने ताई येत होती, सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन.

"लूपचा सिग्नल एवढा आत का घेतलास?"

"मालगाडी थांबता थांबता थोडी पुढे गेलीच, तर जागा नको का? वीस पावलं मागे घेतला."

बाबांनी उभा जन्म गाडीच्या शेवटच्या, गार्डाच्या डब्यात काढलेला. त्यांची नजर आधी शेपटाकडे जायची. त्यांनी अख्खी रांग सिग्नलच्या मागे सरकवली. शेवटची काड्यापेटी मुख्य रुळाला जाऊन टेकली.

"इंजिनाचं भलं केलंस, बाळा. याचं काय?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रूळ बदलणारा सांधा सरळ झाला की यंत्रणा पॅसेंजरला हिरवा देणार. सांध्याच्या पुढे डबा रुळाला खेटून उभा असेल, तर ते यंत्रणेला कळायची सोय त्याने ठेवलीच नव्हती.

"आणि हल्ली मागे गार्डही नसतो," बाबा हळू म्हणाले.

घड्याळात तीन वाजून गेले होते. त्याने स्टेशनला फोन लावला.

"बोला," स्टेशनमास्तर हसले. "लेकरं पास झाली तुमची, सिग्नल झकास चालले. मालगाडी आत घेतली, पॅसेंजरला आत्ताच हिरवा दिला."

"आधी तो लाल करा. मग मालगाडीचा शेवटचा डबा बघून या."

"अहो, तीन साहेबांच्या सह्या आहेत नकाशावर."

"मास्तर, पाया पडतो. लाल करा."

फोन आडवा ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. लाल झाला असेल, पण ड्रायव्हरला वेळेत दिसला असेल का? ताईला खिडकीशीच बसायची खोड. बाबांनी डोळे मिटले होते. ओठांवर देवाचं नाव होतं. त्यालाही ते नाव आठवायचं होतं, पण डोक्यात नुसती वीस पावलं.

मास्तर परत आले ते धापा टाकतच.

"पॅसेंजर थांबली. बाहेरच्या सिग्नललाच. डबा रुळापासून हातभरही लांब नाही हो. अहवालात काय लिहू?"

"नकाशा मी आखला. चूक माझी आहे, तसंच लिहा. सगळे सिग्नल बंद ठेवा."

बाबा काड्यापेट्या गोळा करू लागले. शेवटच्या पेटीला हात लावणार, तोच तो म्हणाला, "ती राहू दे, बाबा. ताई दारात येईपर्यंत."