गोजाबाईंची चौदा वर्षं

कॉलेजात मी नऊ वर्षं इंग्रजी शिकवते आहे, तेही तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की बसा घरी. त्यामुळे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात बायकांना आठवडाभर इंग्रजी शिकवायचं काम आलं, तेव्हा नाही म्हणवलं नाही. अडला हरी, दुसरं काय.

परदेशी खरेदीदार कारखाना बघायला येणार होता. इथे किती दिवस काम करता, असं तो बायकांना विचारणार. मॅनेजर गुरुलिंगसाहेबांनी उत्तर लिहूनच दिलं होतं: आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर एट मंथ्स. मी फळ्यावर लिहून समजावलं, काम मागे सुरू झालं आणि अजून चालूच आहे, असं सांगायचं असेल तर हे वाक्य.

टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या गोजाबाईंनी विचारलं, मग आठच महिने का? त्या तिथे चौदा वर्षं होत्या. दर अकरा महिन्यांनी आठ दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नवी बाई म्हणून घ्यायचं, म्हणजे कायम करायला नको; या खेपेला घेऊन आठच महिने झाले होते. आता नोकरीची दोनच वर्षं उरली होती, आणि कायम झाल्याचा कागद त्यांना हवा होता. मी म्हटलं, लिहिलंय तेवढं पाठ करा. मी थकले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं.

पाहुणा आला. गोजाबाई मशीन थांबवून उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर्टीन इयर्स."

पाहुण्याने वही उघडली. साहेब हसत माझ्याकडे वळले. बाईंचं इंग्रजी कच्चं आहे, महिने म्हणायचंय त्यांना, हो ना मॅडम? पुढची तुकडी मलाच मिळणार होती. त्यांचा आकड्यांत गोंधळ होतो, असं मी पाहुण्याला चांगल्या इंग्रजीत सांगितलं. त्याने वही मिटली. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत होते. गोजाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, माजं वाक्य चुकलं व्हतं का?"

"नाही, गोजाबाई. अगदी बरोबर होतं."

त्यांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग तितं सांगायचं की."