जाळ्याचा वाटा

गणपत आळशी आहे म्हणणाऱ्यांनी त्याला चैत्रात पाहिलं नव्हतं, आणि तो भुतासारखा राबतो म्हणणाऱ्यांनी आषाढात. तोंडवलीत दोन्ही जातीचे शहाणे मुबलक.

तेहतिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या पाच नोकऱ्या गेल्या होत्या. बांद्याच्या कापडदुकानात उत्साहाच्या भरात त्याने मालकाला न विचारता एका दिवसात सगळं दुकान नव्याने लावलं. दीड महिन्यानंतर तोच माणूस अंथरुणातून उठेना. मुंबईच्या गिरणीतही तेच. चढ आला की तिघांचं काम एकटा उपसणार, उतार लागला की अंघोळीचीसुद्धा मारामार. कोणी देवचाराची, म्हणजे भुताची, बाधा म्हटलं, कोणी नारळ फोडले. शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काय ते सांगितलं: "हा आजार आहे, खोड नव्हे. चढउतार येत राहणार. ते धरूनच काम शोधा."

सांगायला काय जातं! हजेरी न मागणारं काम कधी कोणी कोणाला दिलंय?

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात गणपतला चढ होता. चाळीस दिवस तो अंगणात बसून जाळं विणत होता. बायको सुगंधा पुढ्यात ताट ठेवून "आधी जेवा" म्हणत उभी राहायची, तेव्हा कुठे हातातली सुई खाली पडायची. जाळं पुरं झालं आणि पावसाबरोबर उतार आला. पडवीत पडून त्याला स्वतःच्या चुका दिसू लागल्या, मग जगाच्या.

सुगंधा काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने जाळं आणून त्याच्या मांडीवर टाकलं.

"चुकोच दिसतत मां? मगे हेतले बघा."

तो एकेक गाठ चाचपू लागला. काही दिवस त्याने जाळ्याला हातही लावला नाही, आणि तिने हूं की चूं केलं नाही. पण महिनाभरात त्याने एकाहत्तर सैल गाठी शोधून आवळल्या. भरात असताना त्याला त्यातली एकही दिसली नव्हती.

नारळी पौर्णिमेनंतर रापणीची बैठक बसली. रापण एकट्यादुकट्याची नसते. घरोघरची जाळी एकमेकांना जोडून एक लांबलचक जाळं होतं, ते होडीतून समुद्रात सोडतात आणि सगळे मिळून किनाऱ्यावरून ओढतात. मग मासळीचे वाटे पडतात, हातांचा वेगळा नि जाळ्याचा वेगळा. पण नियम कडक: जाळं जोडणाऱ्याने ओढायलाही यायचं. तीन खाडे झाले की आपलं जाळं उचलून घरी न्यायचं.

रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, होता दाजी, साठीचा आणि तोंडाचा फटकळ. त्याच्यासमोर गणपतने आपलं जाळं ठेवलं. दाजीने नाही म्हटलं असतं, तर मेहुण्याच्या दारात जाऊन तुकडे मोडण्यावाचून गती नव्हती. "रोज येतलंय" हे शब्द जिभेवर तयार होते. पाचही ठिकाणी त्याने हेच सांगितलं होतं, आणि पाचही ठिकाणी तोंडघशी पडला होता.

"मी रोज येवचंय नाय," तो म्हणाला. "येतलंय तेव्हा दोघांचा ओढतलंय. नाय इलंय, तर हाक मारून उपेग नाय."

माणसं हसली.

"मगे जाळा कशाक जोडतस?" दाजीने विचारलं.

"काशीबाय खंय ओढूक येता?"

काशीबाई विधवा. नवऱ्यामागे त्याच्या जाळ्याचा वाटा तिला घरपोच जात असे.

"तिचो घोव मेलो रे. तू जितो आसस."

"मी पडान रवतंय त्या दिसांनी माझ्या घराकडे येवन बघा, दाजी. तेव्हा मी जितो आसंय काय, ता माका सांगा." गणपत थांबला नाही. "हातांचो वाटो येतलंय त्या दिसाचोच देवा. जाळा मात्र आजारी पडणा नाय."

दाजीने त्याचं जाळं मांडीवर ओढलं. एक टोक पायाखाली दाबून गाठी हिसडून पाहिल्या. सगळ्यांच्या जाळ्यांना नावं ठेवणारा तो माणूस बराच वेळ गाठी ओढत बसला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "जोडा रे."

पौषात बांगड्याचा मोठा थवा किनाऱ्याला लागला. गाव झाडून समुद्रावर गेला. गणपत मात्र भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओढणाऱ्यांचा आवाज त्याला ऐकू येत होता आणि पाय हलत नव्हते. पाच नोकऱ्यांमागून ही सहावीही गेली, असं त्याने मनाशी धरलं आणि लाजेने डोक्यावरून पांघरूण ओढलं.

दुपारी दाजी स्वतः टोपली घेऊन आला. मागे दोघांच्या खांद्यावर फाटकी जाळी होती.

"तुझ्या जाळ्याचो वाटो," टोपली खाली ठेवत तो म्हणाला. "बाजूच्या दोन जाळ्यांचे गाठी सुटले. तुझी एक सुटाक नाय. आता सगळ्यांची जाळी तुझ्या हाताखालसून जावची, असा ठरला. त्येचो वाटो वेगळो. कधी बसतस?"

'उद्याच,' गणपतच्या ओठांवर आलं. ते त्याने गिळलं. सगळं बळ एकवटून त्याने तोंड इकडे वळवलं.

"आज नाय. ह्या आठवड्यात जमाचा नाय."

आता हा टोपली उचलणार म्हणून तो वाट पाहत राहिला.

"बरा," दाजी म्हणाला. "जाळी हयच रवांदेत. तुका बरा वाटात तेव्हा बस." त्याने सुगंधाकडे पाणी मागितलं, गटागटा प्यायला आणि निघून गेला.

पाच मालकांना हो म्हणून कामावरून गेलेला गणपत सहाव्याला नाही म्हणाला आणि कामावर राहिला. त्याला रडू आलं. ते नेहमीचं नव्हतं, हे सुगंधाला बघताच कळलं. तिने चुलीवर तवा ठेवला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्या दुपारी तो उठून पाटावर बसला आणि दोन बांगडे खाऊन तिसरा मागितला.