शिळं औषध

उंदीरमामांना निवृत्त होऊन सात महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी मामींना पुरतं भंडावून सोडलं होतं. एकतीस वर्षं औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळलेला माणूस, घरी बसवला तर करणार काय? त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसले आणि कुठला कधी भरला त्याच्या तारखा पट्टीवर लिहून चिकटवल्या. मामी म्हणाल्या, "मलाही एक पट्टी लावा, म्हणजे मी कधीची आहे ते तरी कळेल." मामांना खरं नाव नव्हतं असं नाही, पण प्रयोगशाळेत थोरामोठ्यांपासून सगळे त्यांना उंदीरमामाच म्हणायचे आणि पुढे पुढे तर टपालही त्याच नावाने यायला लागलं.

सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. एरवी त्यांचा आवाज खणखणीत, पण आज अगदी उतरलेला होता.

"मामा, जरा येऊन जाल का? आपलं औषध चालेनासं झालंय."

फोन ठेवून ते तसेच खुर्चीत बसून राहिले.

आता हे औषध काय, ते सांगायला हवं. मेंदूची रक्तवाहिनी अचानक तुंबली की माणसाला पक्षाघाताचा झटका येतो आणि मेंदूचा तेवढा भाग काही मिनिटांतच मरू लागतो. मेंदू स्वतःच प्रथिनाचे काही बारीक तुकडे तयार करतो, त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातला एक तुकडा बाहेरून वेळेवर दिला तर मरू घातलेला भाग वाचेल, असं मॅडमच्या डोक्यात आलं आणि त्यांनी त्यापायी सहा वर्षं घातली. उंदराला झोपवायचं, मानेतून एक केसासारखा दोरा सरकवून मेंदूची वाहिनी दीड तास बंद करायची, मग दोरा काढून सुई द्यायची. हे सगळं मामांच्या हातचं. नुसतं मिठाचं पाणी दिलेले उंदीर दुसऱ्या दिवशी पाय ओढत गोल गोल फिरायचे. पेप्टाइड दिलेले अरुंद फळीवरून नीट चालत जायचे. मॅडमचा लेख छापून आला, नाव झालं, आणि एका मोठ्या इस्पितळाने हे औषध माणसांवर तपासायची तयारी सुरू केली.

मामांच्या जागी आलेल्या बाई कमालीच्या काटेकोर. गळ्यात स्टॉपवॉच, म्हणून त्यांना घड्याळबाई हे नाव पडलं. त्यांनी कृतीच्या वहीत लिहिल्याबरहुकूम चाळीस उंदरांवर तोच प्रयोग केला. चाळीसही लंगडे. औषधवाले कुठले आणि पाणीवाले कुठले, ओळखू येईना.

"महिनाअखेरपर्यंत उलगडा झाला नाही तर मी लेख मागे घेणार," मॅडमनी फोनवरच सांगून टाकलं होतं. "खोट्या आशेवर माणसांना सुया टोचायच्या नाहीत."

मामांची भूक मेली ती या वाक्याने. कारण एक गोष्ट त्यांनी सहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती, अगदी मामींनाही नाही.

उंदीर किती बरा चालतो याचे गुण मामाच द्यायचे, शून्य ते पाच. आपल्या औषधाला माणूस नकळत झुकतं माप देतो, म्हणून कुठल्या बाटलीत काय आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, असा नियम. बाटल्यांवर फक्त आकडे. पण तिसऱ्याच आठवड्यात मामांच्या लक्षात आलं की औषधाची बाटली हलवली की वर बारीक फेस येतो आणि मिठाच्या पाण्याला येत नाही. झालं! त्या दिवसापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तोवरचं काम पाण्यात गेलं असतं. मॅडम तेव्हा रात्रंदिवस राबत होत्या, मामांना त्या लेकीसारख्या. मामांनी तोंड शिवून घेतलं आणि स्वतःला बजावलं की मी गुण इमानदारीने देतो. आता मात्र त्यांना वाटायला लागलं की औषध कधी चाललंच नव्हतं, चालला होता तो आपला हात.

मंगळवारी ते प्रयोगशाळेत गेले आणि चपला काढायच्या आधीच सगळं ओकून मोकळे झाले.

मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि सहा वर्षं गप्प बसलात?"

"हो."

"मामा, मला आत्ता तुमचा फार राग आलाय."

"यायलाच हवा," मामा म्हणाले. त्यांना मान वर करवेना. त्यांनी चूक पोटात ठेवली होती आणि ती सहा वर्षं पोसली होती. आता बोलणी खाताना उलट बरं वाटत होतं.

मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा राग होता, पण डोकं चालू होतं. "गुणांचं मी बघते. लेखातल्या सगळ्या उंदरांच्या चालण्याची चित्रफीत आपल्याकडे आहे. शेजारच्या विभागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना ती दाखवते. त्यांना आपल्या औषधातलं ओ की ठो माहीत नाही. त्या गुण देतील आणि मग तुमचे लावून पाहू. पण आधी एक उंदीर तुमच्या हाताने करून दाखवा. वहीत असेल तसा नको, तुम्ही करायचात तसा."

मामांनी हात धुतले. सात महिन्यांनी हातमोजे चढवताना त्यांना गलबलून आलं. घड्याळबाई वही आणि स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभ्या राहिल्या, परीक्षेला बसवलेल्या पोरावर असावी तशी नजर ठेवून. उंदीर झोपवला, दोरा सरकवला, आणि मामांनी सवयीप्रमाणे सिरिंज भरली. उजेडात धरून बुडबुडे पाहिले आणि ट्रेमध्ये ठेवून दिली. दोरा काढायची वेळ झाली तेव्हा सिरिंजमधलं औषध त्यांनी मोरीत सोडलं, त्याच सिरिंजमध्ये बाटलीतून नवं भरलं आणि सुई दिली.

"थांबा," घड्याळबाई म्हणाल्या. "ते पहिलं का फेकलंत?"

मामा वरमले. "ते तसंच."

"वहीत असं काही लिहिलेलं नाही."

"कसं लिहिणार? थेंब थेंब मोजून मिळणारं औषध, वाया घालवतो म्हणून मॅडम फाडून खातील." मामांचे कान लाल झाले. "बुडबुडे बघायला मी आधी भरून ठेवायचो. पण दीड तास भरून ठेवलेलं औषध शिळं नाही का होत? शिळं कुणाला द्यावं? मुका जीव झाला म्हणून काय झालं. म्हणून ते टाकून ताजं भरायचो. सगळ्यांनाच, पाणीवाल्यांनासुद्धा."

मॅडम स्टुलावर बसल्या. बसल्या म्हणजे जवळजवळ कोसळल्याच.

"मी ऐन वेळी भरते आणि लगेच देते," घड्याळबाई हळूच म्हणाल्या. "कोऱ्या सिरिंजमध्ये. थेंबही वाया जाऊ देत नाही."

"तिथेच घोडं अडलं," मॅडम म्हणाल्या. "हे पेप्टाइड महाचिकट असतं. इतकं पातळ केलेलं औषध कोऱ्या प्लास्टिकमध्ये भरलं की बरंचसं सिरिंजच्या आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. तुमच्या उंदरांना गेलं ते जवळजवळ पाणीच. मामांचं पहिलं भरणं भिंतीने पिऊन टाकलं, तिचं पोट भरलं, आणि दुसरं अख्खं उंदराला मिळालं. मामा, औषध शिळं वगैरे काही होत नव्हतं. तुम्ही चुकीच्या समजुतीने बरोबर काम करत होतात."

मामांनी हे दोनदा समजावून घेतलं. तरी त्यांचा चेहरा खुलेना. पुढचे नऊ दिवस घड्याळबाईंनी नवे उंदीर केले, निम्मे मामांच्या पद्धतीने आणि निम्मे वहीच्या. सिरिंजा दुसऱ्याच कुणीतरी आडोशाला भरायचं आणि वरून चांदीचा कागद गुंडाळायचं, म्हणजे फेस दिसायला नको. मामांना आत यायची बंदी. तरी ते रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. दहाव्या दिवशी रंगात बुडवलेल्या मेंदूच्या चकत्या मांडल्या तेव्हा वहीवाल्यांची एक बाजू पांढरीफटक पडली होती, म्हणजे मेलेली. मामांच्या पद्धतीच्या औषधवाल्यांच्या चकत्या लालबुंद होत्या, कडेला मोहरीएवढा पांढरा ठिपका, बस्स. घड्याळबाईंनी बाहेर येऊन मामांचे दोन्ही हात धरले. लेख मागे घ्यायची गरज उरली नव्हती, इस्पितळाला पाठवायच्या सूचनांत फक्त एक पायरी वाढवायची होती.

मामा हसले, पण तोंडदेखलं. औषध वाचलं, मॅडम वाचल्या, सगळं खरं. पण गुण देताना त्यांचा हात झुकला होता की नाही, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. औषध चांगलं निघालं म्हणून माणूस चांगला ठरतो थोडाच? घरी मामींना त्यांनी एव्हाना सगळं सांगितलं होतं. मामी एवढंच म्हणाल्या होत्या, "डॉक्टरीणबाईंचं येऊ द्या. तोवर स्वतःला फाशी देऊ नका."

गुरुवारी दुपारी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एकावर मामांचं जुनं बारीक अक्षर, दुसऱ्यावर डॉक्टरीणबाईंचं.

"एकूण अठ्ठेचाळीस उंदीर," मॅडम म्हणाल्या. "त्रेचाळीस जणांचे गुण तंतोतंत सारखे. पाच ठिकाणी फरक आहे."

"पाच," मामा म्हणाले. "पाचही औषधवाले?"

"पाचही औषधवाले."

मामांनी मान खाली घातली. "मला वाटलंच होतं. किती जास्त दिले?"

"जास्त कुठे दिलेत? पाचही जणांना तुम्ही एकेक गुण कमी दिलाय."

मामांना कळेना. त्यांनी कागद ओढून घेतला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग आठवलं. फेसवाल्या बाटलीचा उंदीर, चाल तीन की चार अशी अडलेली. आपण लाड करतोय की काय या भीतीने दर वेळी त्यांनी पेन्सिल दाबून तीनच लिहिले होते.

"मी भ्यालो होतो," ते म्हणाले. "पक्षपात होईल म्हणून."

"दिसतंय ते. माझ्या औषधाला तुम्ही सहा वर्षं कमी गुण दिलेत, मामा. आता हे फेसाचं आणि गुणांचं सगळं मला लेख छापणाऱ्यांना लिहून कळवावं लागणार, तुमचं नाव घालून."

"घाला. खरं ते घाला." मामांनी चष्मा काढला. "सहा वर्षं मला वाटायचं, मी तुम्हाला फसवतोय."

"आणि सहा वर्षं मी तुमच्या भरवशावर शांत झोपायचे," मॅडम म्हणाल्या. "माझंच बरोबर निघालं."

मामा हसायला गेले आणि त्यांना रडू आवरेना. मॅडमनी दार लोटून घेतलं आणि त्यांचं होईपर्यंत समोर बसून राहिल्या.