जिन्यात सांगितलेलं

आमच्या घरी विम्याचं काम म्हणजे सासूबाईंचा भाचा. चहाचा कप हातात, फॉर्म मांडीवर, आणि सगळ्या घराला समोर बसवून एकदम विचारणार, "कुणाला काही आजार? रोजचं औषध?" दोन वर्षांपूर्वी त्यानं असंच विचारलं, तेव्हा माझी धाकटी जाऊ सासूबाईंच्या शेजारी मटार सोलत होती. नातवंडासाठी सासूबाईंनी तिचा जीव नकोसा केला होता आणि ती गुपचूप गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. आणून मीच द्यायचे. तिथं ती काय बोलणार, कपाळ? खाली मान घालून सोलत राहिली.

यंदा तिचा पाय सुजला. रक्ताची गुठळी पायातून फुप्फुसात गेली. दवाखान्यात औषधं विचारली, तेव्हा धापा टाकत तिनं गोळ्यांचं नाव सांगितलं. "क्वचित होतं असं या गोळ्यांनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती वाचली, पण विमा कंपनीनं हात वर केले. रोजचं औषध लपवलं म्हणे, एक पैसा मिळणार नाही. दिरांनी लेथ मशीन विकलं. स्वतःचं वर्कशॉप असलेला माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीला जाऊ लागला.

सासूबाईंच्या हाती तर कोलीतच मिळालं. मी म्हटलं, गोळ्या मी आणत होते, मलाही बोला. पण मला दोन पोरं, मला कोण बोलतंय!

"गोळ्यांचं एक वेळ सोडा," दीर भाच्यासमोरच म्हणाले, "पण खोटं बोलून तिनं घर बुडवलं."

"मी भावोजींना सांगितलं होतं," ती भाच्याकडे बघून म्हणाली. "त्याच दिवशी, ते निघाले तेव्हा, जिन्यात."

भाचा कपात बघत म्हणाला, "मला नाही आठवत, वहिनी."

झालं. खोटारडी ठरली. अजून दोन पायऱ्या चढली तरी दम लागायचा, तशात दीर तिला माहेरी सोडून आले. खरं सांगते, मलाही वाटलं होतं, जीव वाचवायला थाप मारली असेल बिचारीनं.

परवा भाचा पुन्हा आला, नूतनीकरणाला. तोच चहा, तोच प्रश्न. म्हटलं, आता नाही गप्प बसायचं. सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं, "मी घेते. त्याच गोळ्या, डॉक्टरीणबाईंना विचारून. लिहा."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. भाच्यानं पेनाला टोपण लावलं. "कशाला, वहिनी? असं लिहिलं की कंपनी शंभर प्रश्न काढते, काम अडकून पडतं. धाकट्या वहिनींनाही मी तेच म्हटलं होतं, की…"

मग त्याच्या लक्षात आलं.

दीर दाराशी बसून पाळीला निघायचे बूट घालत होते. एक बूट पायात, एक हातात.

"झालं गेलं आता," सासूबाई पुटपुटल्या.

"जा, घेऊन या तिला," मी दिरांना म्हटलं.

त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. "आता कोणत्या तोंडानं जाऊ, वहिनी?"

"ज्या तोंडानं खोटारडी म्हणालात, त्याच."

त्यांनी दुसरा बूट घातला, नाडी बांधली आणि डबा उचलून कामावर गेले.